मिशी उतरवायची नाही

माझा भाऊ अन्सेल्म पडद्यावर पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याने फक्त एक दार उघडलं होतं. नायिका आत गेली, त्याने दार लावलं, संपलं. ते पाहायला मी बसने सँ-फ्लूरला गेले होते. येताना आईसाठी चिकोरीची पुडी आणली, म्हणजे तालुक्याला कशाला गेले होते ते सांगावं लागू नये. आईला सिनेमाचा राग होता असं नाही. आपला मुलगा दुसऱ्याची सोंगं घेतो याचा होता. ती म्हणायची, "ज्याला बापाने दिलेलं नाव पुरलं नाही, त्याला आणखी दहा नावं पुरतील होय?"

पुढची कितीतरी वर्षं अन्सेल्मने दारंच उघडली. कधी वेटर झाला, कधी पोलीसशिपाई, कधी कोर्टातला साक्षीदार, ज्याला वकील एकच प्रश्न विचारतो. पॅरिसमध्ये सहाव्या मजल्यावरच्या खोलीत राहायचा, बाजारात बटाट्याची पोती उतरवायचा आणि संध्याकाळी नाटकमंडळीत जायचा. सर्व संतांच्या सणाला, कबरींवर फुलं ठेवायच्या दिवशी, मात्र घरी यायला चुकायचा नाही. शेवंतीची कुंडी घेऊन यायचा. आमच्या वडिलांना कबर नाही, म्हणून ती कुंडी आम्ही युद्धात गेलेल्यांच्या गावच्या स्मारकापाशी, त्यांच्या नावाखाली ठेवायचो. आई त्याला जेवू घालायची, मोजे विणून द्यायची, पण तिकडे काय करतोस म्हणून एका शब्दाने विचारायची नाही.

मग एकदा रेजिसच्या कॅफेत त्याचा फोन आला. गावात तेव्हा तेवढाच फोन होता. रेजिसने मला शेतातून बोलावून आणलं, आणि बोलणं संपेपर्यंत तोच पेला पुसत माझ्याशेजारी उभा राहिला.

"ओदील, या वेळी माझ्या तोंडी बोलणं आहे," अन्सेल्म म्हणाला. "पानंच्या पानं."

मी विचारलं, काम कुणाचं?  तो म्हणाला, मिलिसच्या माणसाचं.

जर्मन लोक युद्धात आले तसे गेलेही. त्यांच्यासाठी आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांना पकडून नेणारे ते मिलिसवाले मात्र आपलेच होते, आपल्याच भाषेत शिव्या देणारे. मी म्हटलं, आईला सांगू नकोस. तो म्हणाला, सांगतोय कोण, ती विचारते कुठे.

इथे आमच्या घरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

वडील, एमाब्ल व्हिदालँक, लाकडी बूट कोरायचे. जर्मनांशी लढायला जंगलात लपलेल्या पोरांनाही ते बूट देत, आणि हे कुणीतरी सांगितलं. जूनच्या एका दुपारी मिलिसचे तिघे आले. दोघे परसातल्या कारखान्यात गेले. तिसरा, बारीक मिशीचा, आत येऊन टेबलाशी बसला. आई सूप वाढत होती. तिने त्याच्याहीपुढे ताटली ठेवली. आमच्या भागात टेबलाशी बसलेल्या माणसापुढे ताटली जातेच, त्यात कुणी विचार करत नाही. तो जेवला. तळाशी दोन चमचे सूप राहिलं तेव्हा त्याने ताटली कलती केली आणि आईकडे पाहिलं. आमच्याकडे सूप संपवायची ती रीत आहे. तळच्या ऊन सुपात लाल वाइन ओतायची, ताटली दोन्ही हातांनी उचलायची आणि तोंडाला लावायची. त्याला शाब्रो म्हणतात. म्हणजे तो इथलाच होता, आमच्यातला. आईने वाइन ओतली. तो प्याला, हाताच्या पाठीने मिशी पुसली, सूप छान होतं म्हणाला. तेवढ्यात वडील बूट घालून आले. त्यांना घेऊन तिघे गेले. पुढे काय झालं, कुठे झालं, कुणालाच कळलं नाही.

अन्सेल्म तेव्हा पाळण्यातून नुकता उतरला होता. मी मोठी होते. मी चुलीच्या कोपऱ्यात उभी राहून सगळं पाहिलं होतं.

तेव्हापासून आमच्या टेबलावर सुपाबरोबर वाइनची बाटली आली नाही. औषधापुरती कपाटात असायची. आणि दुसरं एक झालं. रोज संध्याकाळी पवित्र मरियेपुढे दिवा लावून मी आणि आई जपमाळ म्हणायचो. प्रभूच्या प्रार्थनेत आपल्या अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ येते. तिथे आई गप्प व्हायची. माझा आवाज तेवढी ओळ एकटाच चालून जायचा आणि पलीकडे ती पुन्हा भेटायची. चर्चमध्येही तसंच. सगळ्या गावाला माहीत होतं. फादर फूर्नियालनी कधी टोकलं नाही. मी समजायचे, त्या माणसाला ती क्षमा करू शकत नाही. त्यासाठी मी माझ्या परीने शुक्रवारचे उपवास वाढवले होते.

तर त्या वर्षी ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात आईने अंथरूण धरलं. छाती भरून आली होती. ऊब राहावी म्हणून स्वयंपाकघरातच तिचा पलंग लावला. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. नेमकी त्याच वेळी सिनेमाच्या नायिकेला कावीळ झाली आणि लिआँजवळचं चित्रीकरण अर्ध्यावर थांबलं. अन्सेल्म दुसऱ्या दिवशीच आला.

मी दार उघडलं आणि एक पाऊल मागे सरले.

"मीच आहे गं," तो म्हणाला.

कानांवरचे केस तासलेले, मधोमध भांग, तेल लावून चापून बसवलेला. ओठावर ती पेन्सिलीने ओढल्यासारखी मिशी. त्या माणसासारखा तो दिसत नव्हता, हे मी शपथेवर सांगते. त्या माणसाचा चेहरा गोल होता. अन्सेल्मचा वडिलांसारखा लांबट. पण मिशी तीच.

काढून टाक, मी म्हटलं. त्याने पाकिटातून दोन फोटो काढले, एक समोरून, एक बाजूने. रंगभूषा करणाऱ्या बाईने दिले होते. चित्रीकरण पुन्हा सुरू होईल त्या दिवशी चेहरा या फोटोशी केसाकेसाने जुळायला हवा. अर्धा सिनेमा त्या चेहऱ्याने झाला होता. खोटी मिशी जवळून कळते, म्हणून खरी वाढवलेली. केस, मिशी, अंगाचं वजन, काही बदलायचं नाही, असं सही करून दिलेलं होतं.

"आई आवाजावरून ओळखेल की," तो म्हणाला.

आई झोपली होती. तो रात्रभर गाडीत बसून उपाशी आला होता. शुक्रवार होता, म्हणून डुकराची चरबी न घातलेलं कोबीचं सूप होतं. मी ताटली पुढे केली. तो खाली मान घालून जेवला. आणि मग ती गोष्ट झाली. पॅरिसला कुणी शाब्रो करत नाही, केलं तर गावठी म्हणून हसतात. पण स्वयंपाकघर ओळखीचं, ताटली ओळखीची, हात आपोआप गेला. त्याने कपाट उघडलं, औषधाची बाटली काढली, तळच्या सुपात वाइन ओतली, ताटली दोन्ही हातांनी उचलून प्याला आणि हाताच्या पाठीने मिशी पुसली.

मी वळून पाहिलं. आईचे डोळे उघडे होते.

"सूप बरं झालं होतं ना?" तिने विचारलं. "तुम्हाला चाललं?"

आयुष्यात तिने त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं. तो हसून उठला, पलंगापाशी गेला, म्हणाला, आई, अगं मी. ती त्याच्या खांद्यावरून मागच्या दाराकडे पाहत होती.

"आमच्या ह्यांचे बूट घालून झाले का?" ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगवत नाही. माझ्याशी आई नीट बोलायची. दूध उतू गेल्याचा वास तिला सगळ्यांच्या आधी यायचा. अन्सेल्मला निरोप पोचला का, म्हणून विचारायची. तो आत आला की मात्र तिचा आवाज बदलायचा, आदबीचा व्हायचा. त्याने लहानपणीची अंगाई म्हणून पाहिली. वडिलांची टोपी घातली. तेव्हा तर तिने तोंडच फिरवलं, कारण त्या माणसाच्या डोक्यावर नवऱ्याची टोपी हे तिला फारच झालं. मला हळूच म्हणाली, त्याला उपाशी ठेवू नकोस हो, असली माणसं भुकेली राहिली की चिडतात.

तो घरात बसू शकत नव्हता आणि बाहेर जायची सोय नव्हती. कॅफेत गेला तर म्हातारा गवंडी पेला उचलून दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसला. रेजिसने कॉफी ठेवली आणि विचारलं, "काय रे, आज कुणाला धरून न्यायचंय? मला नेणार असशील तर आधी सांग, बायकोला फार आनंद होईल." लोक हसले. अन्सेल्मही हसला. पण परत गेला नाही. मग तो परसातल्या वडिलांच्या बंद कारखान्यात जाऊन बसायला लागला. भुशावर, एकटा.

मी रोज त्याच्यामागे लागायचे. काढ ती मिशी. आई जाईल आणि तुला पाहणार नाही. त्याने एकदा रेजिसकडून पॅरिसला फोन लावला. सिनेमाचा व्यवस्थापक, मस्यू काझाल, बराच वेळ बोलला. चेहरा बदलला तर झालेलं सगळं वाया, काम दुसऱ्याला जाणार, आणि पॅरिसमध्ये पुन्हा कुणी दारातसुद्धा उभं करणार नाही.

"दारं उघडण्यात माझी निम्मी उमर गेली, ओदील," तो मला म्हणाला.

 मी त्या वेळी खरकटी भांडी घासत होते, तीच घासत राहिले.

माझ्या जिवाला दुसराही घोर होता. फादर फूर्नियाल मरणाआधीच्या तेलाभिषेकाचं विचारायला दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा आईने मान हलवली. ज्या बाईच्या तोंडून ती ओळ निघत नाही तिने तेल कसं घ्यावं, असं तिचं म्हणणं. मला बोलायचंय आधी, म्हणाली. काय, ते सांगेना. तेल न घेता ती गेली तर, हा विचार मला जपमाळेच्या प्रत्येक मण्याला यायचा. फादरांनाच मी विचारलं की अन्सेल्म म्हणजे तो मिशीवाला असं तिला समजू देणं हे आमच्याकडून पाप होतंय का. ते म्हणाले, त्याने मी तो आहे असं म्हटलंय का? नाही. मग तू आपली चूल सांभाळ, देव त्याचं सांभाळेल.

एका सकाळी अन्सेल्म कारखान्यातून आला, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी तापव."

मला कळलं. मी देवाचे आभार मानले. पाणी दिलं, वडिलांचा आरसा दिला, तो परसातल्या खिडकीशी खिळ्याला अडकवून त्याने साबण फेसायला घेतला. त्याचा चेहरा कसा होता ते काय सांगू. नवी कोरी वस्तू विहिरीत टाकायला निघालेल्या माणसासारखा. मी आत आले. त्याच वेळी फादर फूर्नियाल आले, तेलाची कुपी घेऊन, विचारून पाहू म्हणाले. आईचा श्वास रात्रीपासून उथळ झाला होता. तिने बोटाने मला जवळ बोलावलं.

"तो गेला का गं?"

"कोण, आई?"

"तो मिशीवाला. त्याला जाऊ देऊ नकोस. मला त्याच्याशी बोलायचंय. मग काय ते तेल लावा."

मी परसात धावले. माझे लाकडी बूट कुठे निसटले ते कळलं नाही. त्याने ओठावर फेस लावला होता, वस्तरा उचलला होता. इतके दिवस जी मिशी काढ म्हणून मी त्याच्यामागे लागले होते, तिच्यासाठी मी त्याचं मनगट धरलं. काय झालं ते सांगितलं. तो फेस लावलेल्या तोंडाने माझ्याकडे पाहत राहिला.

"म्हणजे मी नकोच आहे," तो म्हणाला.

"असं नको म्हणूस."

"मी तिचा मुलगा आहे ना गं, ओदील?"

मी हो म्हटलं. त्याने टॉवेल घेतला आणि फेस पुसला. मी त्याचे सगळे सिनेमे पाहिले आहेत. त्याहून अवघड काही त्याला पुढे कधी करावं लागलं असेल असं मला वाटत नाही.

दारातून आत येताना त्याने खालच्या आवाजात विचारलं, मी बोलू काय? त्या माणसाचं सगळं बोलणं कुणीतरी लिहून दिलंय, त्यात माफीचा एक शब्द नाही. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस, त्यापुढचं मला समजत नाही.

तो पलंगाशी बसला. आई त्याच्याकडे नीट पाहत होती. भ्यायलेली नव्हती.

"मी तुम्हाला वाइन ओतली," ती म्हणाली. "कुणी सांगितलं नव्हतं. माझा माणूस तिकडे बुटात पाय घालत होता, तुम्ही ताटली कलती केलीत, आणि माझा हात बाटलीकडे गेला. तुमचं देवाघरी काय व्हायचं ते होईल. मला हा हात घेऊन तिथे जायचंय."

तिने उजवा हात पांघरुणावर उताणा ठेवला. तेव्हा मला कळलं की त्या ओळीपाशी ती इतकी वर्षं कुणासाठी थांबत होती. मी भलत्याच माणसासाठी उपवास केले होते.

अन्सेल्मने त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लिहून दिलेलं नसलं की नट किती उघडा पडतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. मग म्हणाला, "टेबलाशी बसलेल्याला तुम्ही वाढलंत. त्या हाताने दुसरं काही केलं नाही. ज्याने ती प्यायली, दोष त्याचा आहे."

"त्यांना कुठे ठेवलंत?"

"मला माहीत नाही."

मी जपमाळ घट्ट धरली. आई त्याच्याकडे पाहत राहिली.

"खरं बोलताय," ती म्हणाली. "खोटं बोलणारे जागा सांगतात."

फादरांनी प्रार्थना सुरू केली. मी म्हणत होते, अन्सेल्म ओठ हलवत होता. ती ओळ आली. सवयीने मी आवाज जरा वाढवला, तो एकटा पडू नये म्हणून. आणि त्याच्या मागोमाग दुसरा एक आवाज आला, कोरडा, अडखळत, पण शेवटपर्यंत आला. फादरांनी तिच्या कपाळाला तेल लावलं. मग तो हात घेतला आणि तळव्यालाही लावलं.

नंतर ती शांत पडून होती. तो हात अन्सेल्मच्या हातात होता. तिने मला विचारलं, "अन्सेल्मला कळवलंस?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडाशी आलेलं मला दिसलं. एक शब्द पुरला असता. पण तो मुलगा म्हणून बोलला असता, तर आत्ता इथे बसून गेला तो कोण होता? तिने बोलायचं ते कुणाशी बोलली? त्याने मान हलवली, अगदी जराशी, नको म्हणून.

"त्याला कळलंय, आई," मी म्हटलं. यात खोटं काही नव्हतं.

"पॅरिस लांब आहे," ती म्हणाली. "आला की सूप गरम करून दे. आणि बाटली ठेव त्याच्यापुढे. मी कधी ठेवली नाही पोरापुढे."

दुसऱ्या सकाळी प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधी ती गेली. शेवटपर्यंत तो तिथेच बसला होता, त्याच चेहऱ्याने. शवपेटीमागून चालतानाही तोच चेहरा. काही लोकांनी त्याचा हात हातात घेतला, काहींनी फक्त माझा घेतला.

नायिका बरी झाली, सिनेमा पुरा झाला आणि गाजला. सँ-फ्लूरच्या चौकात त्याचा चेहरा माणसाहून मोठा लावला होता. पुढे त्याला कामांची कमी पडली नाही. तुरुंगाधिकारी, चुगलखोर, बायकोला विष देणारा औषधवाला. गोष्ट कुठलीही असो, दिग्दर्शक म्हणायचे, मिशी तेवढी राहू द्या. पॅरिसच्या बाजारात एक बाई त्याच्या पायाशी थुंकली होती. पाववाल्याकडे पोरं आईच्या परकरामागे लपायची. तो टोपी काढून त्यांना नमस्कार करायचा, त्याने ती आणखीच घाबरायची.

एकदा मात्र त्याला खेड्यातल्या एका मायाळू मास्तराचं काम आलं होतं. मुख्य काम. अट एवढीच की मिशी नको. त्याने नाही म्हटलं. या नटाला आपल्या मर्यादा कळतात, असं वर्तमानपत्रांनी कौतुकाने लिहिलं. त्याने तो कागद सफरचंदं गुंडाळायला मला दिला.

आता तो इथेच असतो, माझ्याकडे. मिशी पांढरी झाली आहे. हात थरथरतो, म्हणून शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेआधी मी त्याला खिडकीशी बसवते आणि कात्रीने ती बारीक करून देते. सुपाच्या वेळी मी आईच्या सांगण्याप्रमाणे बाटली त्याच्यापुढे ठेवते. तो तळहात ताटलीवर आडवा धरतो. मी बाटली उचलून कपाटात ठेवते. 

गेल्या शनिवारी ऊन चांगलं होतं. त्याची मान माझ्या हाताला टेकली होती, खाली वडिलांचाच लांबट चेहरा. मला वाटलं, तो मिशीवाला आठवणारं आता उरलंय कोण. मी विचारलं, "आज सगळीच काढून टाकू का?"

तो डोळे मिटूनच बसला होता.

"नको," तो म्हणाला. "आई विचारेल, तो कुठे गेला."

डावीकडची बाजू जराशी लांब राहिली होती. मी ती उजवीशी जुळवली आणि कात्री पुसून ठेवली.